खेचरांवरून शंभर मैल

‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकी सैन्यदलांचं सर्वोच्च शौर्यपदक, आपल्याकडच्या परमवीर चक्राच्या तोडीचं. आजवर साडेतीन हजारांवर माणसांना ते मिळालं आहे. पराक्रमाच्या तारखेप्रमाणे ही यादी लावली, तर सगळ्यात वर नाव येतं ते एका आयरिश डॉक्टरचं : बर्नार्ड जॉन डाउलिंग अर्विन. त्याची कामगिरी फेब्रुवारी १८६१ मधली. तेव्हा हे पदक अस्तित्वातच नव्हतं. लष्करासाठी पदकाचा कायदा झाला जुलै १८६२ मध्ये, तोही शिपाई-हवालदारांपुरता. अधिकाऱ्यांना त्यात जागा मिळाली मार्च १८६३ मध्ये. अर्विनला पदक मिळायला मात्र जानेवारी १८९४ उजाडला. तोवर तो त्रेसष्ट वर्षांचा कर्नल झाला होता आणि निवृत्तीला पाचच महिने उरले होते.

पदकासोबतच्या नोंदीत मजकूर थोडकाच आहे. अपाची आदिवासींच्या कोचीस या सरदाराने साठ सैनिकांची एक तुकडी कोंडून धरली होती. तिच्या सुटकेसाठी सहायक सर्जन अर्विन आपणहून पुढे झाला. घोडे नव्हते, म्हणून चौदा माणसं घेऊन तो खेचरांवरून शंभर मैलांच्या वाटेला लागला. वाटेत त्याने अपाचींशी लढून काही जणांना पकडलं, चोरीची जनावरं सोडवली, तुकडी गाठली आणि वेढा मोडायला हातभार लावला.

ही तुकडी जिथे अडकली, त्या अपाची खिंडीत त्या पंधरवड्यात जे घडलं, त्याचा हा फार छोटा तुकडा आहे. पकडलेल्या त्या अपाचींचं पुढे काय झालं, हे नोंदीत नाही. ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

अर्विनचा जन्म २४ जून १८३० चा, आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्यातला. लहान वयात तो आईवडिलांबरोबर अमेरिकेला आला. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, पाठोपाठ दुष्काळ आला आणि रॉसकॉमनची दैना झाली. १८४१ ते १८५१ या दहा वर्षांत तिथली लोकसंख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटली. आयर्लंडभर मिळून दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि साथींनी गेली, आणखी तितकीच किंबहुना जास्त देश सोडून गेली. त्यांतल्या मोठ्या संख्येने गाठलं ते न्यूयॉर्क बंदर.

त्याच न्यूयॉर्कमध्ये अर्विनचं शिक्षण चाललं होतं. १८४८ ते १८५० तो तिथल्या विद्यापीठात होता, राज्याच्या मिलिशियात साधा शिपाई म्हणूनही त्याने कवायत केली. मग व्हर्माँटमधल्या कॅसलटन वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेऊन तो पुन्हा न्यूयॉर्कला परतला आणि १८५२ मध्ये डॉक्टर झाला. नोकरी लागली ती वॉर्ड्स आयलंड या बेटावरच्या स्थलांतरितांच्या सरकारी रुग्णालयात. जहाजाच्या तळाशी आठवडे न् आठवडे दाटीवाटीने काढलेली माणसं तिथे आणली जात. कुणी टायफसच्या तापात बरळत असे, कुणी हगवणीने खंगलेलं असे. रुग्णांत आयरिश फार मोठ्या संख्येने होते. स्वतःच्या देशातून उखडलेली ही माणसं तपासतच तरुण अर्विनने डॉक्टरकीचे पहिले धडे गिरवले.

ज्यांच्या अंगात ताकद होती, त्यांच्यासाठी आणखी एक दार उघडं होतं. अमेरिकेचं खडं सैन्य तेव्हा लहान होतं, १८६० मध्ये जेमतेम सोळा हजारांचं, आणि ते बहुतेक पश्चिमेकडच्या ओसाड ठाण्यांवर विखुरलेलं. महिना अकरा डॉलर पगार, खारवलेलं मांस, कडक शिस्त. अमेरिकेत जन्मलेल्या तरुणाला त्यापेक्षा बरं काम सहज मिळे. बोटीतून नुकत्याच उतरलेल्याला मिळत नसे. त्यामुळे १८५० च्या दशकात शिपायांतले निम्म्याहून जास्त परदेशात जन्मलेले होते आणि त्यांत आयरिश सर्वाधिक. मेडल ऑफ ऑनर मिळालेल्यांतही आयर्लंडमध्ये जन्मलेले अडीचशेहून अधिक आहेत. परदेशात जन्मलेल्यांचा याहून मोठा गट त्या यादीत नाही. अर्विन मात्र भरती झाला तो बंदूक खांद्यावर घेऊन नव्हे. १८५६ मध्ये तो सहायक सर्जन म्हणून लष्करात आला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस आजच्या ॲरिझोनातल्या फोर्ट ब्युकॅननवर पोचला.

हा मुलूख अमेरिकेला नवा होता. मेक्सिकोकडून तो विकत घेण्याचा करार १८५३ च्या डिसेंबरात झाला, पुढच्या वर्षी एक कोटी डॉलरला व्यवहार पक्का झाला आणि त्यानंतर दोन वर्षांनी इथे लष्करी ठाणं बसलं. ठाणं म्हटल्यावर तट, बुरूज आणि तोफा डोळ्यांपुढे येतात. फोर्ट ब्युकॅननला तटच नव्हता. इकडेतिकडे पसरलेल्या झोपड्या, त्यांच्या भिंती म्हणजे उभे रोवलेले लाकडी खांब आणि फटींत लिंपलेला चिखल. शेजारी दलदल. सैनिक अपाचींपेक्षा मलेरियानेच जास्त आडवे होत. अर्विनने वरिष्ठांना पाठवलेल्या आरोग्य अहवालात कुजलेली लाकडं, गळकी छपरं आणि साचलेलं पाणी यांचं वर्णन केलं आहे.

हा माणूस नुसता क्विनाइन वाटत बसणारा नव्हता. चीक निघणारी एक रानटी वनस्पती सर्पदंशावर उपयोगी पडते का, हे त्याने पाहिलं आणि त्यावरचा त्याचा लेख अमेरिकेतल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. टूसॉन गावात एक लोहार अंगठीच्या आकाराच्या भल्याथोरल्या लोखंडी गोळ्याचा ऐरण म्हणून वापर करत असे. तो गोळा म्हणजे आकाशातून पडलेला अशनी आहे, हे अर्विनने ताडलं. त्याने तो ताब्यात घेतला आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवायची खटपट केली. सुमारे ६८८ किलोंचं हे धूड आधी मेक्सिकोत हर्मोसिल्यो गावी, तिथून समुद्रमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला असं करत १८६३ मध्ये वॉशिंग्टनला पोचलं. अशनींच्या अभ्यासात ते ‘टूसॉनचं कडं’ म्हणून प्रसिद्ध आहे.

फोर्ट ब्युकॅननच्या ईशान्येला, शंभरेक मैलांवर, दोन डोंगररांगांमध्ये अपाची खिंड आहे. कोरड्या मुलखात तिथे बारमाही झरा, म्हणून तिचं मोल. १८५८ पासून मिसूरी ते कॅलिफोर्निया अशी बटरफील्ड कंपनीची टपालगाडी धावू लागली आणि खिंडीत तिचं स्टेशन उभं राहिलं. हा प्रदेश चिरिकावा अपाचींचा, आणि त्यांचा तिथला बडा सरदार म्हणजे कोचीस. मेक्सिकोच्या हद्दीत त्याच्या माणसांच्या धाडी चालत, कधीमधी अमेरिकन जनावरंही चोरीला जात. पण टपालगाड्यांची वाट त्याने अडवली नव्हती. संशयाने भरलेला का होईना, शेजार टिकून होता.

तो मोडला एका मुलावरून. २७ जानेवारी १८६१ रोजी सोनोइता खोऱ्यातल्या जॉन वॉर्ड नावाच्या शेतकऱ्याच्या घरावर अपाचींनी धाड घातली. त्यांनी गुरं हाकून नेली आणि वॉर्डचा बारा वर्षांचा सावत्र मुलगा फेलिक्स यालाही उचललं. माग पूर्वेकडे जातो आहे असं दिसलं आणि वॉर्डने तर्क केला : हे काम कोचीसचं. ठाण्याचा प्रमुख पिटकेर्न मॉरिसन याने लेफ्टनंट जॉर्ज बास्कॉम याला पायदळाचे ५४ सैनिक खेचरांवर बसवून पाठवलं. हुकूम होता, मुलगा आणि गुरं परत आण. बास्कॉमला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडून तीन वर्षंही झाली नव्हती.

४ फेब्रुवारीला कोचीस बास्कॉमच्या तळावर आला तो भेटीला येणाऱ्या पाहुण्यासारखा. बरोबर भाऊ कोयुंतुरा, दोन पुतणे, बायको आणि मुलं. तंबूत बसल्यावर बास्कॉमने मुलाची मागणी केली. कोचीस म्हणाला, मुलगा माझ्याकडे नाही. दुसऱ्या टोळीकडे असणार, सोडवून आणायला मदत करतो. बास्कॉमचा विश्वास बसला नाही. मुलगा येईपर्यंत तू इथेच राहशील, असं त्याने सुनावलं. त्या क्षणी कोचीसने सुरी काढली, तंबूचं कापड फाडलं आणि गोळ्या चुकवत डोंगर गाठला. बाकीचे मागेच अडकले. चिरिकावांच्या तोंडी इतिहासात हा सगळा प्रकार ‘तंबू फाडला’ याच नावाने ओळखला जातो.

कोचीस खरं बोलत होता. फेलिक्सला नेलं होतं उत्तरेकडच्या वेगळ्या अपाची गटाने.

पुढचे चार दिवस एकेक दोर तुटत गेला. पांढरं निशाण लावून बोलणी झाली. टपाल स्टेशनवरचे तीन कर्मचारी कोचीसला ओळखणारे. ते मध्यस्थी करायला पुढे गेले, तर जेम्स वॉलेस हा त्यांतला एक अपाचींच्या हाती लागला, एक मारला गेला, एक जखमी होऊन परतला. मग खिंडीत शिरलेला मालगाड्यांचा तांडा अपाचींनी गाठला. त्यातल्या मेक्सिकन माणसांना त्यांनी गाड्यांच्या चाकांना बांधून जाळलं आणि तीन अमेरिकनांना धरून नेलं. आता कोचीसपाशीही ओलीस होते. माणसांच्या बदल्यात माणसं द्यायला तो तयार होता. बास्कॉमचं उत्तर ठरलेलं : आधी मुलगा. जो मुलगा कोचीसकडे नव्हताच. ८ तारखेला झऱ्यावर पाणी पाजायला नेलेल्या खेचरांवर अपाचींनी झडप घातली आणि बहुतेक सगळी हाकून नेली. खेचरं गेली, सैनिक जखमी झाले आणि अंधाराचा फायदा घेऊन फोर्ट ब्युकॅननकडे निरोप्या धाडण्यात आला. मदत हवी होती, आणि डॉक्टर हवा होता.

इथे अर्विनचा प्रवेश होतो. ठाण्यावर घोडदळ नव्हतं. जवळचं घोडदळ उत्तरेला फोर्ट ब्रेकिनरिजवर; तिथे निरोप जाऊन ते यायला वेळ लागणार. डॉक्टर जाणार तर त्याच्या संरक्षणाला कोण, हा प्रश्न अर्विनने स्वतःच सोडवला. चौदा जणांना खेचरांवर बसवून, स्वतः त्यांचं नेतृत्व घेऊन तो निघाला. त्याच्याबरोबर जेम्स ग्रेडन हा आणखी एक आयरिश गडी होता. सगळे त्याला पॅडी म्हणत. हा पूर्वी घोडदळात शिपाई होता आणि आता ठाण्याच्या जवळपास दारूचा गुत्ता चालवत होता. वाटेवर बर्फ पडत होतं. मैदान असं उघडं, की पंधरा माणसं कोसांवरून दिसावीत. साठेक जणांना कोंडणाऱ्या शत्रूकडे पंधरा जणांनी चालून जायचं, तेही पळ काढायची वेळ आलीच तर घोड्याशी बरोबरी न करू शकणाऱ्या जनावरांवरून. या धाडसाबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

खिंडीच्या अलीकडच्या विस्तीर्ण खोऱ्यात त्यांना गुरं हाकत चाललेले काही अपाची दिसले. पाठलाग झाला, चकमक झाली, आणि तिघे जण हाती लागले. जनावरंही मिळाली. हे तिघे कोयोटेरो अपाची होते. कोचीसच्या चिरिकावा टोळीशी त्यांचा संबंध नव्हता. तंबूत काय झालं, चाकांना कुणाला बांधलं, यातलं काहीही त्यांनी केलेलं नव्हतं. त्यांच्यावरचा आरोप गुरंचोरीचा. त्यांना बांधून अर्विन खिंडीतून आत शिरला. स्टेशनच्या दगडी भिंतींआड दाटीने बसलेल्या सैनिकांना डॉक्टर मिळाला, चौदा बंदुका मिळाल्या, आणि आणखी तीन कैदी मिळाले.

१४ तारखेला फोर्ट ब्रेकिनरिजहून लेफ्टनंट आयझेया मूर घोडदळाच्या दोन तुकड्या घेऊन आला. आता अपाचींना शोधायला सैनिक बाहेर पडू लागले. डोंगरात कोणी सापडलं नाही, पण एके ठिकाणी घिरट्या घालणारी गिधाडं दिसली. खाली वॉलेसचा आणि तांड्यातून नेलेल्या तिघा अमेरिकनांचे देह पडले होते. भाल्यांनी इतके भोसकलेले, की ओळख पटवणंही अवघड गेलं.

१९ फेब्रुवारीला त्या चौघांच्या नव्या थडग्यांजवळच्या ओकच्या झाडांना सहा अपाचींना फाशी देण्यात आली. तिघे कोचीसचे : भाऊ कोयुंतुरा आणि दोन पुतणे. उरलेले तिघे अर्विनने वाटेत पकडलेले कोयोटेरो. ना खटला झाला, ना वरिष्ठांकडून हुकूम आला. कोचीसची बायको आणि मुलं यांना फोर्ट ब्युकॅननला नेऊन पुढे सोडून देण्यात आलं. पुढे चिरिकावांचा शेवटचा सरदार झालेला नाईचे हा कोचीसचा मुलगा त्यांत होता, असं मानलं जातं.

तिकडे पूर्वेत दक्षिणेकडची राज्यं फुटून स्वतःचं सरकार बनवत होती. काही महिन्यांतच यादवी युद्ध पेटलं. जुलै १८६१ मध्ये फोर्ट ब्युकॅनन रिकामं करून जाळण्यात आलं. टपालगाड्यांचा मार्गही बंद झाला होता. सैन्य आपल्या भीतीने पळालं, असा अपाचींनी अर्थ लावला. कोचीस युद्धाला उभा राहिला आणि त्याचा सासरा, नामांकित सरदार मांगास कोलोराडास, त्याच्या बाजूने उतरला. जुलै १८६२ मध्ये कॅलिफोर्नियाहून येणाऱ्या सैन्यावर दोघांनी त्याच खिंडीत हल्ला केला. तोफांपुढे त्यांना मागे हटावं लागलं, आणि झऱ्याच्या रक्षणासाठी लगेच तिथे फोर्ट बोवी हे ठाणं बसलं. कोचीसची लढाई ऑक्टोबर १८७२ पर्यंत चालली. त्या वर्षी जनरल ओलिव्हर हॉवर्ड मोजक्या माणसांनिशी त्याला डोंगरात जाऊन भेटला आणि तह झाला. चिरिकावांना राखीव प्रदेश मिळाला. १८७४ मध्ये कोचीस वारला, दोन वर्षांत तो प्रदेश काढून घेतला गेला, आणि युद्ध पुन्हा पेटलं.

खिंडीतली बाकीची माणसं वेगवेगळ्या वाटांनी गेली. बास्कॉम कॅप्टन झाला आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये न्यू मेक्सिकोत वाल्व्हर्देच्या लढाईत मारला गेला. पॅडी ग्रेडन त्याच लढाईत होता. लढाईच्या आदल्या रात्री त्याने दोन म्हाताऱ्या खेचरांवर तोफगोळे लादले, वाती पेटवल्या आणि त्यांना शत्रूच्या तळाकडे पिटाळलं. खेचरांनी थोडं अंतर जाऊन तोंड फिरवलं आणि ती आपल्या माणसांमागे धावत सुटली. पॅडी कसाबसा वाचला. त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्ट स्टँटनवर एका डॉक्टरशी झालेल्या भांडणात गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात तो गेला.

आणि तो मुलगा, फेलिक्स? तो जिवंत होता. अपाचींनी त्याला आपल्यात वाढवलं. १८७२ मध्ये तो अमेरिकी लष्करातच माग काढणारा स्काउट म्हणून भरती झाला, दुभाष्या झाला. लालसर केसांच्या या पोराला सैनिकांनी चार्ल्स लीव्हरच्या एका आयरिश कादंबरीतल्या इरसाल पात्राचं नाव ठेवलं : मिकी फ्री. १८८३ मध्ये जनरल क्रुक चिरिकावांचा पाठलाग करत मेक्सिकोच्या डोंगरांत शिरला, तेव्हा मिकी फ्री त्याच्या तांड्यात होता. ज्याच्यासाठी सगळं सुरू झालं, तोच त्या युद्धात पगारी चाकर बनून हिंडत होता.

अर्विनचं आयुष्य मात्र पुढे चढत गेलं, आणि डॉक्टर म्हणून त्याचं सगळ्यात मोठं काम अपाची खिंडीनंतरचं आहे. एप्रिल १८६२ मध्ये टेनेसीतल्या शायलोच्या दोन दिवसांच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांहून अधिक सैनिक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. त्या काळी जखमींना जे छप्पर दिसेल तिथे नेत : शेतघर, कोठार, चर्च, नदीतली बोट. प्रत्येक पलटणीचा डॉक्टर आपल्यापुरतं बघे. एका ठिकाणी औषध असे तर दुसरीकडे हात. अर्विन जनरल विल्यम नेल्सनच्या डिव्हिजनचा वैद्यकीय प्रमुख होता. लढाईत उधळलेल्या एका छावणीचे तंबू रणांगणावर तसेच उभे होते. त्याने ते ताब्यात घेतले आणि रांगा लावून त्यांचं एकच रुग्णालय केलं. शस्त्रक्रियेचे तंबू वेगळे, औषधांचे वेगळे, स्वयंपाकाचे वेगळे, रुग्णांच्या ओळी वेगळ्या. सुमारे तीनशे जखमींची तिथे सोय झाली. एका छताखाली कोंडलेल्या माणसांपेक्षा मोकळ्या हवेतल्या तंबूत जखमा कमी चिघळतात, हेही डॉक्टरांच्या लक्षात आलं. अमेरिकी लष्करी वैद्यकाच्या इतिहासात हे तंबूंचं रुग्णालय पहिल्यांत गणलं जातं, आणि युद्ध पुढे सरकलं तशी ही पद्धत रुळली. यासाठी त्याला शौर्यपदक मिळालं नाही. ते त्या पदकाच्या व्याख्येत बसणारं कामही नव्हतं.

त्याच ऑगस्टमध्ये केंटकीतल्या रिचमंडला तो दक्षिणेच्या सैन्याच्या हाती सापडला आणि पुढे सुटला. त्यानंतर मेम्फिसचं मोठं लष्करी रुग्णालय, मग वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतली काही वर्षं, मग कर्नल. मुलगा जॉर्ज लीरॉय अर्विन मेजर जनरल झाला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला फोर्ट अर्विन हा सरावतळ याच मुलाच्या नावाचा. नातूही पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनापती. बंदरातल्या तापाच्या रुग्णालयातून सुरुवात केलेल्या आयरिश माणसाच्या घरात तीन पिढ्यांत तीन जनरल झाले.

मग तेहतीस वर्षांनी पदक कसं? १८९० च्या दशकात यादवी युद्धातले सैनिक उतारवयाला आले होते, त्यांच्या संघटनांचं वजन वाढलं होतं आणि जुन्या पराक्रमांबद्दल पदकं मागणारे अर्ज लष्कर खात्यात येऊन पडत होते. कामगिरीनंतर किती वर्षांत मागणी करावी, याला बंधन नव्हतं. त्या लाटेत शेकडो पदकं दिली गेली. गैरवापराची ओरड झाल्यावर १८९७ मध्ये नियम कडक झाले : निर्विवाद पुरावा हवा, आणि पुढच्या कामगिरीसाठी अर्ज वर्षाच्या आत. अर्विनचं पदक याच्या तीन वर्षं आधीचं. त्यातही त्याची कामगिरी कायद्याच्या आधीची होती, हे कुणाला खटकलं नाही. उलट त्यामुळेच ती यादीत पहिली बसली.

ही यादी एकदा चाळणीतून गेली. १९१६ मध्ये पाच निवृत्त सेनापतींचं मंडळ नेमलं गेलं. त्याचा अध्यक्ष नेल्सन माइल्स. हा स्वतः या पदकाचा मानकरी, आणि ४ सप्टेंबर १८८६ रोजी अपाची म्होरक्या जेरोनिमो आणि नाईचे ज्याला शरण आले तो सेनापती. शरणागतीनंतर त्या दोघांना अपाची खिंडीतल्या फोर्ट बोवीत आणून तिथून आगगाडीने फ्लोरिडाला पाठवलं गेलं होतं. त्यांची जमात पुढची सत्तावीस वर्षं युद्धकैदी राहिली. माइल्सच्या मंडळाने २,६२५ पदकं तपासली आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये ९११ रद्द केली. यादवी युद्धात काम केलेली डॉक्टर मेरी वॉकर हिचं पदक गेलं, कारण ती अधिकृतपणे लष्करात नव्हती. तिला ते परत मिळालं १९७७ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. अर्विनचं पदक राहिलं. तो लष्करी अधिकारी होता, कामगिरी शत्रूसमोरची होती, धोका पत्करून केलेली होती. मंडळाने जे तपासायचं होतं ते सगळं जागेवर होतं. १९०४ मध्ये निवृत्तांच्या यादीवर ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मिळालेला अर्विन मंडळाचा निकाल लागला त्याच वर्षी, १५ डिसेंबर १९१७ रोजी, कॅनडातल्या कोबर्ग गावी वारला. वेस्ट पॉइंटच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

अपाची खिंडीतल्या फाशीबद्दल तोवर अनेक कहाण्या फिरल्या होत्या. अधिकाऱ्यांनी पत्ते खेळून कैद्यांचा निकाल लावला, अशी एक. दुसरी डॉक्टरला शोभणारी : अर्विनने फाशीला विरोध केला होता, कैद्यांना ठाण्यावर न्या म्हणून आग्रह धरला होता. १९२८ मध्ये पायदळाच्या लष्करी नियतकालिकात अर्विनने लिहून ठेवलेली हकिकत छापून आली आणि तिच्यात त्याने या दोन्ही कहाण्या धुडकावल्या आहेत. पत्त्यांची गोष्ट भाकड, आणि आपण विरोध केला हेही तितकंच भाकड, असं तो म्हणतो. माणसाला माणूस या हिशेबाने फाशी द्यावी ही सूचना आपलीच. बास्कॉम कचरत होता. तेव्हा निदान आपण पकडलेल्या तिघांच्या जिवाचं काय करायचं हा अधिकार आपला आहे, असं आपण सांगितलं, आणि मग तोही आपल्या तीन ओलिसांना द्यायला राजी झाला.